सर्पगंधा, रिसर्पिन आणि मनोरुग्णांतील औषधजन्य अस्वस्थता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील पनवेल हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे जुने केंद्र होय. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे 'श्री धूतपापेश्वर'चा पाया घातला. ज्या आयुर्वेदीय परंपरेशी या शहराचे नाव जोडले गेले, त्याच परंपरेतील सर्पगंधा ही वनस्पती उन्माद व अनिद्रा यांवर वापरली जात असे. आधुनिक मनोविकारचिकित्सेला या वनस्पतीपासून एक प्रभावी औषध लाभले. त्याचबरोबर रुग्णांच्या वाट्याला एक नवी यातनाही आली. प्रस्तुत लेखात तिचा आढावा घेतला आहे.

औषधांचा उदय :
१९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील सर्पगंधेचे गुण नोंदविले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबविषयक शोधनिबंध ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले व डेनिकर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिनचा वापर केला. रिसर्पिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते, तर क्लोरप्रोमाझिन डोपामिनचे कार्य अडविते. मार्ग भिन्न असले तरी दोहोंमुळे काही रुग्णांत एकच लक्षण दिसू लागले.

अस्वस्थतेचे स्वरूप :
या लक्षणास 'अ‍ॅकाथिसिया' म्हणतात. 'बसू न शकणे' असा त्याचा मूळ ग्रीक अर्थ आहे. प्रागचे लाडिस्लाव हाश्कोवेत्स यांनी १९०१ मध्ये, म्हणजे ही औषधे येण्यापूर्वीच, ही संज्ञा योजिली होती. रुग्ण सतत येरझारा घालतो, उभा असता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, बसला तरी पाय हलवीत राहतो. त्याहून असह्य असते ती आतली तगमग.

निदानातील चूक :
ही तगमग मूळ आजाराचीच वाढ समजली जाण्याचा धोका असतो. तसे झाल्यास औषधाची मात्रा वाढविली जाते आणि मात्रेबरोबर तगमगही वाढते. १९७४ मध्ये अमेरिकेतील थिओडोर व्हॅन पुटेन यांनी औषध नाकारण्याचा या अस्वस्थतेशी असलेला संबंध दाखवून दिला. ज्याला हट्ट किंवा वेडाचा भाग मानले जात होते, त्यामागे अनेकदा सकारण वेदना होती. तीव्र अवस्थेत आत्मघाताचे विचारही संभवतात. १९८९ मध्ये ब्रिटनमधील बार्न्स यांनी तयार केलेल्या मापनश्रेणीत बाह्य हालचालींबरोबरच रुग्णाने सांगितलेल्या त्रासालाही स्थान मिळाले. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा प्रोप्रॅनोलॉल देणे हे उपाय आज ज्ञात आहेत. मात्र ते वैद्यकीय देखरेखीखालीच व्हावयास हवेत.

समारोप :
भारताच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये उपचारांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. वरील इतिहास पाहता या हक्काची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची ठरते : 'मला बसवत नाही' असे रुग्ण सांगतो, तेव्हा ते आजाराचे बोलणे न मानता प्रथम औषधाची मात्रा तपासली गेली पाहिजे.