मिलोची भाकरी

फौजेतल्या माणसानं लढायांवरच बोलावं, अशी तुमची अपेक्षा असते. आज मात्र १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलायचंय. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांनीही ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे शब्द घरात ऐकले असतील. त्यातली मिलो सहसा कुणी समजावून सांगत नाही.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. रेशनवर मिळायची. पिठाला चिकटा नसे, भाकरी थापतानाच तडकायची. तिकडं ही गुरांना घालतात, हे गावभर झालं होतं आणि घास तिथंच अडकायचा. सांगोल्याकडं आमची आठ एकर कोरडवाहू जमीन. आजोबांनी, म्हणजे आबांनी, ‘ही भिकेची भाकरी’ म्हणून ताट सरकवलं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुष्काळी कामाच्या मस्टरवर नाव घातलं.

आबांचा राग खरं तर जुन्या गव्हावरचा. १९५६ पासून पीएल-४८० खाली अमेरिकी गहू आपल्याला रुपयांत मिळत होता. १९६५-६६ च्या टंचाईत अध्यक्ष जॉन्सन यांनी तो हात आखडून, थोडा थोडा सोडला. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हटलं, ते आबा पुढंही कितीतरी वर्षं पाळत. पण १९७१ अखेर ती आयात थांबली होती. बहात्तर-त्र्याहत्तरला देशानं बाहेरून धान्य घेतलं ते परकीय चलन मोजून, आणि रेशनच्या दुकानात आम्हीही पैसे देत होतो. मग भीक कुठली? हे आबांना कुणी सांगितलं नाही. सांगून पटलं असतं असंही नाही.

सुकडीचं उलटं. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नाला बांध, पाझर तलाव. तिथं सुकडी वाटत, भाजलेल्या धान्याचं गोडसर पीठ. ही खरोखरच फुकट. आई ती पदरात बांधून आणायची आणि आबा मुकाट्यानं खायचे. घामाची आहे म्हणायचे! आईला मात्र रस्त्याकडेला खडी फोडण्याचीच लाज. एसटी आली की पदर पुढं ओढायची, आत कुणी सोयरा असला तर? एका घरात दोघांची लाज दोन ठिकाणी.

मी तीस वर्षं फौजेचं राशन खाल्लं. लंगरापुढं थाळी धरताना कुणा जवानाची मान खाली गेलेली पाहिली नाही. तो त्याचा हक्क असतो. रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचं रूप मिळालं, धान्याला २०१३ मध्ये. तरी रेशनच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं, की पिशवीची घडी काखेत जाते. कायद्याला ती उलगडता आलेली नाही.

खडीनंतर आई तलावाच्या कामावर होती. नातवंडं गावी आली की ती त्यांना तलावावर नेते, भरावावरची कुठली माती आपण वाहिली ते दाखवते. सुकडीचं नाव काढत नाही.