जाफराबादचे एक घर : १८८१ मध्ये मोजलेले, आज न सापडणारे

१/ इंग्लंडमधील एखाद्या कुटुंबाला आपले पूर्वज १८८१ साली कोणत्या रस्त्यावर, कोणासमवेत राहत होते, हे आज घरबसल्या पाहता येते. ३ एप्रिल १८८१ च्या रात्रीची तेथील जनगणना घरागणिक, नावानिशी जपलेली आहे. त्याच वर्षी जाफराबादेत नांदणाऱ्या कुटुंबाचा माग असाच काढता येईल काय?

२/ पूर्णा आणि केळना यांच्या संगमावरील जाफराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. हैदराबाद संस्थान अखिल भारतीय जनगणनेत प्रथम आले ते १७ फेब्रुवारी १८८१ रोजी.

३/ गणकाच्या तक्त्यात नाव, वय, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, व्यवसाय आणि साक्षरता असे रकाने होते. स्त्रीचे नाव सांगण्यास घरच्यांची हरकत असल्यास नुसते ‘स्त्री’ लिहिण्याची मुभा होती. म्हणजे त्या रात्री आपल्या खापरपणज्याचे नाव कागदावर उतरले. खापरपणजीचे कदाचित तेव्हाही नाही.

४/ खरा फरक पडला तो मोजणीनंतर. इंग्लंडात नावांच्या वह्या जपल्या गेल्या. येथे तक्ते बेरजेपुरते होते. कोष्टके सिद्ध झाली की त्यांचे काम संपले. उरला तो आकडा : संस्थानची लोकसंख्या ९८,४५,५९४.

५/ आकडेही बोलतात, पण नावे सांगत नाहीत. औरंगाबाद जिल्ह्यात १८९१ साली सुमारे ८ लाख २९ हजार माणसे होती; १९०१ साली ७ लाख २१ हजार. मध्ये १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला. त्यात कोणत्या घराचा दिवा विझला आणि कोणते घर परमुलखात गेले, हे त्या आकड्यांतून कळत नाही.

६/ हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जनगणनेची कोष्टके एखाद्या जातीची माणसे किती होती हे सांगतात. प्रमाणपत्र मागणाऱ्याला मात्र आपल्याच पूर्वजाचे नाव दाखवावे लागते. संख्या आणि नाव यांमधील ही दरी शेकडो घरांना आजही ओलांडावी लागते.

७/ मग नावे कोठे सापडतात? खासरा पाहणी पत्रकांत, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांत, शाळांच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरांत, आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. यांतील कित्येक कागद मोडीत किंवा उर्दूत आहेत.

८/ एक अपवाद लक्षात ठेवावा. १९५१ च्या जनगणनेवेळी घरोघरची माहिती नावांसह राष्ट्रीय नागरिक नोंदवहीत उतरवली गेली. कुणबी नोंदींच्या शोधात तीही तपासली गेली. एरवी १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत तक्ते कोणालाही पाहता येत नाहीत.

९/ म्हणून शोध १८८१ पासून खाली आणू नये. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून एकेक पिढी वर चढावे. घरातील जुन्या पेटीत मोडी वा उर्दू कागद असतील, तर ते जाणकाराला दाखवल्यावाचून रद्दीत घालू नका. सरकारने जपले नाही ते नाव कदाचित तेथेच असेल.