बोस : एक आडनाव, तीन शास्त्रज्ञ

‘बोस’ म्हटले की डोळ्यांसमोर प्रथम नेताजी उभे राहतात. विज्ञानाचा विषय निघाला की मात्र अनेकांचा गोंधळ उडतो. वनस्पतींचे प्रतिसाद यंत्राने नोंदवणारे बोस आणि ‘बोसॉन’ कणांना ज्यांचे नाव मिळाले ते बोस एकच, असा समज आजही आढळतो. वस्तुतः ‘बसू’ या बंगाली आडनावाचे हे इंग्रजी वळण कोलकात्याच्या तीन भौतिकशास्त्रज्ञांच्या नावामागे होते आणि तिघांची आयुष्ये परस्परांशी जोडलेली होती.

पहिले जगदीशचंद्र (१८५८–१९३७). प्रेसिडेन्सी महाविद्यालयात युरोपीय प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी तीन वर्षे वेतन नाकारले. अध्यापन मात्र थांबवले नाही. पुढे तेथेच त्यांनी मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर मूलगामी प्रयोग केले. १९१७ मध्ये त्यांनी बोस संशोधन संस्था स्थापन केली.

दुसरे सत्येंद्रनाथ (१८९४–१९७४). ते प्रेसिडेन्सीत जगदीशचंद्रांचे विद्यार्थी होते. नाते मात्र काहीच नव्हते. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातून त्यांनी आपला शोधनिबंध आइनस्टाइन यांना पाठवला. प्रकाशकण एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, हे गृहीत धरून केलेली त्यातील मोजणी नवी होती. आइनस्टाइन यांनी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो प्रसिद्ध करवला. ‘बोसॉन’ हे नाव पुढे डिरॅक यांनी दिले.

तिसरे देवेंद्रमोहन (१८८५–१९७५). हे जगदीशचंद्रांचे भाचे. संशोधनासाठी जर्मनीत गेले असता पहिले महायुद्ध पेटले आणि ते तेथेच अडकले. १९१९ मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतताना त्यांनी प्लांक यांचे ग्रंथ आणले आणि ते सत्येंद्रनाथांना दिले. भारतात तेव्हा दुर्मिळ असलेल्या या ग्रंथांतील प्लांक यांच्या नियमाचीच नवी सिद्धता सत्येंद्रनाथांनी पाच वर्षांनी मांडली.

जगदीशचंद्रांच्या निधनानंतर देवेंद्रमोहन त्यांच्या संस्थेचे संचालक झाले. विभा चौधुरी यांच्यासह त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर छायाचित्रण-काचा विश्वकिरणांत ठेवल्या, त्यांवर उमटलेले कणांचे माग तपासले आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाच्या कणाची नोंद ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिक संवेदनशील काचा मिळेनात आणि काम तेथेच खुंटले. युद्धानंतर सुधारित काचा वापरून सेसिल पॉवेल यांच्या गटाने पायॉन शोधला. १९५० चे नोबेल पॉवेल यांना मिळाले.

तिन्ही बोसांपैकी कोणालाही नोबेल मिळाले नाही. पण पहिल्या दोघांची नावे पाठ्यपुस्तकांत राहिली. तिसऱ्याचे नाव त्याच आडनावाच्या तेजात झाकोळले आणि विभा चौधुरी तर त्याहूनही विस्मृतीत गेल्या. २०१९ मध्ये एका दूरस्थ ताऱ्याला ‘विभा’ हे अधिकृत नाव मिळाले. ज्यांच्या प्रयोगशाळेत त्या घडल्या, त्या देवेंद्रमोहनांची ओळख मात्र आजही अनेकदा जगदीशचंद्रांचे भाचे एवढ्यावरच थांबते. आडनाव कीर्ती सांगते; ती कोणाच्या श्रमांची, हे जाणण्यासाठी मात्र पूर्ण नाव वाचावे लागते.