राणीचा नेम
इ. स. १८६० च्या जुलैच्या २ तारखेस लंडननजीक विंबल्डनच्या माळावर राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या सामन्यांचा आरंभ राणी व्हिक्टोरियाच्या हस्तें झाला. जोसेफ व्हिटवर्थची रायफल भक्कम घोडीवर घट्ट बसवून, तिचा नेम ४०० यार्डांवरील निशाणाशीं आधींच जुळवून ठेविला होता. राणीनें दोरी ओढली मात्र, गोळी केंद्रापासून सुमारें सव्वा इंचावर लागली!

हा केवळ योगायोग नव्हता. त्या षट्कोनी नळींत दर २० इंचांस एक पूर्ण पीळ होता. सैन्याच्या एन्फील्ड रायफलींत तो ७८ इंचांस एक. म्हणून लांबट गोळी वेगानें फिरत सरळ जाई. परंतु नळींत दारूचा मळ सांचे, किंमतही भारी. सैन्यानें ती सरसकट स्वीकारली नाहीं. नेमबाजांनीं मात्र उचलून धरली.