'डिस्ग्रंटल्ड' : नाराजाचा शब्द आणि तक्रारदाराचा शब्द

निवडणुकीतील उमेदवारांच्या याद्या जाहीर झाल्या, की इंग्रजी वृत्तपत्रांतून एक विशेषण हमखास डोकावू लागते. ते म्हणजे 'डिस्ग्रंटल्ड'. मराठी बातमीत ज्याला 'नाराज' किंवा 'असंतुष्ट' म्हटले जाते, त्यालाच इंग्रजी वार्ताहर हे विशेषण लावतो. तथापि, 'नाराज'च्या जागी ते सर्वत्र चालते असे समजणे चुकीचे ठरेल. या शब्दात नाराजी जशी आहे, तशीच त्या नाराजीकडे पाहणाऱ्याची नजरही आहे.

व्युत्पत्ती

या शब्दाच्या मुळाशी 'ग्रंट' हे डुकराच्या गुरगुरण्यावरून आलेले क्रियापद आहे. त्यावरून सतत कुरकुरणे या अर्थाचे 'ग्रंटल' तयार झाले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यामागे 'डिस' हा उपसर्ग लागला. 'डिसऑनेस्ट'मधील 'डिस' नकार दर्शवितो. येथे मात्र तो नकारार्थी नसून तीव्रतादर्शक आहे. त्यामुळे 'ग्रंटल्ड' म्हणजे संतुष्ट, असा उलटा अर्थ मुळात नव्हता. विसाव्या शतकात तो विनोदाने रूढ झाला. पी. जी. वुडहाउस यांनी १९३८ च्या 'द कोड ऑफ द वूस्टर्स' या कादंबरीत केलेला त्याचा वापर प्रसिद्ध आहे. ध्वनीवरून घडलेला असल्याने मराठीतील 'कुरबुर' आणि 'धुसफूस' हे शब्द त्याच्या अधिक जवळचे आहेत. 'नाराज' हा मात्र 'राजी'च्या नकारातून आलेला आहे.

उच्चार आणि वापर

उच्चार करताना 'डिस्-ग्रन्-टल्ड' असे तीन भाग पडतात व आघात मधल्या भागावर येतो. हे विशेषण नामाआधी येते, जसे 'डिस्ग्रंटल्ड वर्कर्स'. तसेच क्रियापदानंतरही येते, जसे 'द वर्कर्स आर डिस्ग्रंटल्ड'. कारण सांगताना पुढे 'विथ', 'ॲट' किंवा 'अबाउट' ही शब्दयोगी अव्यये येतात. 'डिसगस्टेड'शी त्याची गल्लत करू नये. त्यात किळस किंवा तिटकारा आहे.

शब्दाची खरी खूण नात्यात आहे. कार्यकर्ता पक्षाबाबत, कामगार कारखान्याबाबत, ग्राहक दुकानाबाबत 'डिस्ग्रंटल्ड' होतो. आधी काही संबंध असावा, त्यातून अपेक्षा असावी आणि ती पुरी होऊ नये, अशा वेळी हा शब्द शोभतो. परीक्षेत कमी गुण मिळालेला विद्यार्थी 'अनहॅपी' असेल. हॉटेलातील भाजी खारट लागली तर गिऱ्हाईक 'डिससॅटिस्फाइड' असेल. 'डिस्ग्रंटल्ड'मध्ये दिवसेंदिवस मुरलेली कुरबुर अभिप्रेत असते.

नगरमधील एक खटला

या शब्दाच्या शेजारी 'अग्रीव्ड' हा दुसरा शब्द ठेवला, की दोहोंतील अंतर स्पष्ट होते. ज्याच्यावर अन्याय झाला आहे व ज्याला दाद मागण्याचा अधिकार आहे, तो 'अग्रीव्ड'. अहमदनगर, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या राजकारणात याचे बोलके उदाहरण सापडते.

१९९१ च्या लोकसभा निवडणुकीत बाळासाहेब विखे पाटील यांना काँग्रेसची उमेदवारी मिळाली नाही. ते अहमदनगरमधून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसचे यशवंतराव गडाख विजयी झाले. एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर इंग्रजी बातमीत विखे पाटील यांचे वर्णन उमेदवारी हुकलेले 'डिस्ग्रंटल्ड' नेते असेच झाले असते. परंतु प्रचारातील भाषणांत आपल्याविषयी खोटी विधाने करण्यात आली, अशी तक्रार घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने गडाख यांची निवड रद्द ठरविली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती रद्दच ठेवली. व्यक्ती तीच, निवडणूकही तीच. मात्र एका शब्दाने तिची मनःस्थिती सांगितली असती, तर दुसऱ्याने तिच्या तक्रारीतील तथ्याकडे लक्ष वेधले असते.

कायद्याने हाच दुसरा शब्द निवडला आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले होते. पुढे केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १९ नुसार माहिती अधिकाऱ्याच्या निर्णयाने 'अग्रीव्ड' झालेल्या व्यक्तीला ३० दिवसांत अपील करता येते. येथे 'डिस्ग्रंटल्ड' शब्द घातला असता, तर अपील करणारा केवळ कुरकुऱ्या ठरला असता.

अर्ज लिहिताना

इंग्रजीत तक्रार लिहिणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवणे हिताचे आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे, असा दंडक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घालून दिला. पैसे थकलेल्या शेतकऱ्याने पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे अर्ज करताना 'आय ॲम डिस्ग्रंटल्ड' असे लिहिले, तर तो स्वतःच्याच रागाची नोंद करतो आणि थकलेली रक्कम बाजूला पडते. त्याऐवजी 'आय ॲम अग्रीव्ड बाय द डिले इन पेमेंट' असे लिहावे. पुढे ऊस घातल्याची तारीख, वजन व येणे रक्कम द्यावी. उलट, आलेल्या तक्रारीवर शेरा मारणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराला 'डिस्ग्रंटल्ड' म्हटले, तर चौकशीपूर्वीच त्याने निकाल देऊन टाकला, असे समजावे.

सारांश, हे विशेषण बहुधा तिसऱ्या माणसाने तिसऱ्याविषयी वापरावयाचे आहे. कथेत, बातमीत किंवा गप्पांत ते नेमके बसते. स्वतःविषयी थट्टेने वापरले तरी खपून जाते. परंतु जेथे न्याय मागावयाचा आहे, तेथे ते टाळावे. आपल्याविषयी दुसऱ्या कोणी ते लिहिले असेल, तर मूळ तक्रारीचा त्यात उल्लेख आहे की नाही, हे आधी पाहावे.