रेव्हरंड टिळकांचा टाळ

आमच्या पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून बाणकोटची खाडी ओलांडून आणखी दक्षिणेस गेले की जो दापोली तालुका लागतो, त्यातील करजगावी १८६१ साली एका चित्पावन कुटुंबात जन्मलेले नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगर-राहुरीच्या मुलुखात धर्मोपदेशक म्हणून वावरले. परक्या चालींवर बसवलेली गीते खेड्यातील मंडळींच्या कंठी उतरेनात, हे जाणून त्यांनी अभंग-ओवीस आपलेसे केले. सारवलेल्या जमिनीवर बसलेली माणसे, हाती टाळ, मृदंगावर थाप, आणि मुखी येशूचे नाम: ज्ञानोबा-तुकोबांची ही वहिवाट त्यांनी चर्चच्या दारी आणली, हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य मी मानतो.

फुले व मुले यांवर त्यांचा जीव होता. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी काही काळ राहिले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला, तथापि ९ मे १९१९ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेण्यासाठी लेखणी हाती घेतली ती, विवाहसमयी अक्षरशत्रू असलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.