झुंबर पडलेच नव्हते : डोक्यावर टांगलेल्या वजनांचा इतिहास

१/ २० मे १८९६. पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहात प्रयोग सुरू असताना छत फोडून शेकडो किलोंचे वजन प्रेक्षकांत कोसळले. एका स्त्रीचा मृत्यू झाला, काही जण जखमी झाले. पुढे गास्तों लरू याने ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या कादंबरीत झुंबर कोसळण्याचा प्रसंग रंगवला आणि लोकांच्या स्मरणात तेच चित्र कायम झाले.

२/ प्रत्यक्षात झुंबर जागेवरच होते. सुमारे सात टनांच्या त्या झुंबराला तोलून धरणाऱ्या प्रतिभारांपैकी एक खाली आला होता. विजेच्या तारेतील बिघाडाच्या उष्णतेने त्याचा पोलादी दोर निकामी झाला होता. म्हणजे दोर भार पेलण्यास दुबळा नव्हता. धोका शेजारून आला आणि तो वेळीच कोणाच्या नजरेस पडला नाही. साधन तुटण्यापूर्वी माणसाला ते कसे कळावे, या प्रश्नाचा इतिहास आज पाहू.

३/ युरोपीय रंगभूमीवरील पडदे वाखाच्या दोरांवर चढत-उतरत. कप्प्या, दोर अडकवण्याच्या खुंट्या, गाठी हे सारे शिडाच्या जहाजांवरच्यासारखेच. या दोराचा एक गुण असा की त्याची झीज लपत नाही. तो पिंजतो, त्याला केस सुटतात, हाताला तो मऊ लागू लागतो. रोज दोर ओढणाऱ्याच्या तळहातालाच तपासणीचे ज्ञान असे.

४/ लोखंडी साखळीने ही खूण हिरावून घेतली. साखळी दोराहून टिकाऊ, पण तिचा दोष कडीच्या सांध्यात दडलेला असतो आणि सगळा भार एकेका कडीवर असतो. एक कडी गेली की सारे गेले. जर्मनीतील हार्त्स पर्वतराजीत क्लाउस्थाल येथे खाणींवरील अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांना हा अनुभव वारंवार येत होता.

५/ १८२९ च्या सुमारास आल्बर्ट यांनी साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन प्रयोग केले. एकदा सहज पेलला जाणारा भार असंख्य वेळा दिला की तोच भार धातूला तोडतो, हे त्यांतून पुढे आले. आज याला आपण धातूचा थकवा म्हणतो. काल टिकले म्हणून आज टिकेल, हा युक्तिवाद तेव्हाच मोडीत निघाला.

६/ जुलै १८३४ मध्ये आल्बर्ट यांनी कारोलीन खाणीत तारांचा दोर वापरात आणला. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार-चार तारांचे तीन पेड, एकूण बारा तारा. एक तार तुटली तरी उरलेल्या तारा भार वाटून घेतात, आणि तुटलेले टोक बाहेर दिसते. वाखाच्या दोराची ती जुनी खूण अशा रीतीने लोखंडात परत आली. आजही अमेरिकी मानकांनुसार तारदोराच्या स्लिंगमध्ये एका पिळाच्या लांबीत विखुरलेल्या दहा, किंवा एकाच पेडातील पाच तारा तुटलेल्या आढळल्या, तर ती स्लिंग बाद करतात.

७/ साखळ्या मात्र गेल्या नाहीत. १८६४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला : जहाजांच्या साखळ्या आणि नांगर यांची भारचाचणी झाल्याशिवाय, त्यांवर तसा शिक्का उमटल्याशिवाय विक्री नाही. दोष डोळ्यांना दिसत नसेल, तर त्याची ग्वाही शिक्क्याने द्यावी, ही त्यामागची कल्पना. पण शिक्का चाचणीच्या दिवसापुरतेच बोलतो. ती वस्तू पुढे कोण, कशी वापरील, हे त्याला ठाऊक नसते.

८/ ४ मे २०१४. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात रिंगलिंग ब्रदर्स सर्कसचा खेळ चालू होता. आठ कलावती केसांनी टांगून घेऊन मानवी झुंबर साकारत होत्या. वरचा पोलादी कॅरॅबिनर तुटला आणि त्या पंधरा फुटांहून अधिक उंचीवरून खाली आदळल्या. खाली असलेला आणखी एक कलाकारही जखमी झाला. अनेकींच्या दुखापती गंभीर होत्या.

९/ कामगार सुरक्षेच्या संघराज्य खात्याने चौकशी केली. कॅरॅबिनर हा परस्परविरुद्ध अशा दोनच टोकांना ताण घेण्यासाठी घडवलेला असतो. येथे त्याच्यावर किमान तीन बाजूंनी ताण होता. निर्मात्याच्या सूचनांत हे स्पष्ट होते. कंपनीला दंड झाला ७,००० डॉलर, गंभीर उल्लंघनासाठी तेव्हा तेवढीच कमाल मर्यादा होती. पुढे झालेल्या समझोत्यात नव्या कसरती अभियंत्याकडून तपासून घेण्याची आणि प्रत्येक हवाई कसरतीची तांत्रिक नोंदवही ठेवण्याची अट आली.

१०/ म्हणूनच आजच्या रिगरचे नियम आकड्यापाशी थांबत नाहीत. शॅकलवर कोरलेली क्षमता सरळ ओढीची असते. आटे असलेल्या पिनच्या शॅकलला काटकोनात, आडवे ओढले तर ती निम्मी धरतात. मूळ जाडीच्या दहा टक्के झीज झाली की शॅकल भंगारात. हरवलेल्या पिनच्या जागी बाजारातला साधा बोल्ट चालत नाही. तुटण्याचा भार हा वापराच्या भाराच्या किमान पाचपट धरण्याची रीत आहे. माणूस टांगायचा असेल तर दहापट.

११/ दहापट ही खबरदारी मोठी वाटते. पण ती योग्य दिशेच्या ताणासाठी मोजलेली असते आणि न झिजलेल्या साधनासाठी. पॅरिसमध्ये शेजारची तार कोणी पाहिली नाही, प्रॉव्हिडन्समध्ये ताणाची दिशा. दोन्हीकडे साधन आपल्या कामास पुरेसे आहे, असे गृहीत धरले गेले होते.

१२/ यंदा गणेशोत्सवात किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात मंचावर दिव्यांचा ट्रस चढेल, तेव्हा एकदा मान वर करून पाहा. कुठे वाकडी कडी, कुठे पिनऐवजी खिळा, कुठे तारदोराला सुटलेले टोक दिसले, तर कार्यक्रम सुरू होण्याआधी सांगा. आल्बर्ट यांच्या तारदोराने दिलेली सूचना घ्यायला खाली कोणीतरी बघणारे लागते. (१२/१२)